ज्येष्ठमधाची बरणी

१

मेलेल्या माणसावर आळ घेणं सगळ्यांत सोपं. तो काही उठून भांडायला येत नाही.

अर्काच्या कारखान्यात त्या दिवशी हेच झालं. नमुना खोलीतून काचेची एक बरणी आणली, सील तोडलं, आतली ज्येष्ठमधाच्या अर्काची पावडर यंत्रावर तपासली, आणि आकडा आला तो ठरलेल्या मात्रेच्या जेमतेम निम्मा. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर झालं होतं, की धाकट्या बाईंनी आपली शेवटची बॅच फुसकी असताना पास केली.

धाकट्या बाई म्हणजे लॅबमधली आधीची केमिस्ट. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. आजार पोटात लपून बसला आणि कळला तेव्हा फार उशीर झाला होता. ही बॅच पास करून ती रजेवर गेली ती परत आलीच नाही, त्यामुळे लोकांना दोन आणि दोन जोडायला वेळ लागला नाही. 'बिचारीचं लक्ष कुठून असणार कामात,' असं जो तो म्हणायला लागला. दयेच्या सुरात घेतलेला आळ फार चिकट असतो.

मोठ्या बाईंच्या दारात दुपारी जो माणूस येऊन उभा राहिला, तो धाकटीचा बाप होता. कारखान्याचे स्टोअरकीपर. सगळे त्यांना स्टोअरकाका म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा तसाच होता, म्हणजे सुट्टी न मागता सरळ निघून आले होते. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"बाई, पोर गेली ते सोसलं," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "हे नाही सोसवत."

मोठ्या बाई त्या लॅबच्या निवृत्त प्रमुख. हातात कायम भिंग आणि जिभेला धार. धाकटीला त्यांनीच घडवलं होतं. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या त्या पोरीला सुरुवातीला यंत्राच्या जवळपासही फिरकू दिलं नव्हतं, नुसत्या बरण्या धुवायला लावल्या होत्या. 'भांडं रिकामं झालं की आधी धुवायचं, मग श्वास घ्यायचा,' असा त्यांचा दंडक. पोरीने तोंड वाकडं केलं, पण बरण्या चकचकीत धुतल्या. तेव्हाच बाईंनी तिला आपली म्हटलं होतं.

"बसा आधी. पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा."

काकांनी सांगितलं ते असं. चेहऱ्याचं क्रीम बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, की तुमचा ज्येष्ठमधाचा अर्क कमजोर निघाला. अशा तंट्यासाठीच प्रत्येक बॅचची एक बरणी कारखाना अंधाऱ्या खोलीत राखून ठेवतो. ती उघडली, तीही कमजोर. झालं. मालक आज संध्याकाळी गिऱ्हाइकाला पत्र देणार होते : तेव्हाच्या केमिस्टच्या हातून चूक झाली.

"तिचं नाव घालणार?"

"नावानिशी. गिऱ्हाईक तसंच मागतंय."

बाईंनी भिंग पिशवीत टाकलं आणि चपला पायात सरकवल्या.

"एक अट आहे, बाई," काका खाली बघत म्हणाले. "हिला, पोरीच्या आईला, यातलं काही कळता कामा नये. ती पॅकिंगला असते, पण तिच्यापुढे कुणीही अवाक्षर काढत नाही. मी सगळ्यांच्या पाया पडलोय. पोरीच्या नावाला बट्टा लागला हे कळलं, तर ती उभ्याने कोसळेल."

बाईंनी शब्द दिला. त्याचा पुढे त्यांना फार पश्चात्ताप झाला.

२

नमुना खोलीला खिडकी नव्हती. भिंतीभर लोखंडी मांडण्या आणि त्यांवर खालपासून वरपर्यंत बरण्या. काकांनी दिवा लावला आणि दारातच थांबले.

"ही तिची फळी," ते म्हणाले. "या महिन्याअखेर जाणार. मुदत भरली की नमुने पाण्यात विरघळवून ओतून द्यायचे, असा नियम आहे."

"नियम मीच केलाय, काका." बाईंनी मांडणीवर बोट फिरवलं. धुळीचा कण नव्हता. "इथे कोण कोण येतं?"

"किल्ली माझ्याकडे. नवा लॅबप्रमुख येतो नमुने बघायला. मिक्सरवरचा पैलवान नव्या बॅचच्या बरण्या ठेवायला येतो. आणि झाडपूस ही करते. पोरीच्या हातच्या बरण्या आहेत म्हणून हे काम तिनं मागून घेतलंय."

उघडलेली बरणी लॅबमधून परत आणून ठेवली होती. शेजारी त्याच काळातली दुसरी बरणी होती, तीही धाकटीनेच भरलेली. बाईंनी आधी ती शेजारची उचलली आणि आडवी केली. आतलं काही हललं नाही. पावडरीचा दगड होऊन बुडाला चिकटला होता. बाईंना त्यात नवल वाटलं नाही. अर्काची पावडर हवेतली ओल शोषत असते. कितीही घट्ट झाकण लावा, दीडेक वर्षात तिचा गोळा होतोच. त्यांनी तिसरी बघितली, चौथी बघितली. सगळ्या तशाच.

मग त्यांनी जिच्यावरून रामायण झालं होतं, ती बरणी आडवी केली. आतली पावडर वाळूसारखी सळसळत झाकणापर्यंत आली.

मग भिंग काढून त्यांनी तोडलेलं सील न्याहाळलं. चिकटपट्टी बरणीच्या अंगाला लोंबत होती. शेजारच्या बरण्यांवरच्या पट्ट्यांची टोकं कात्रीने सरळ कापलेली, धाकटीच्या शिस्तीची. या पट्टीचं टोक मात्र आतल्या बाजूला जरासं दुमडलेलं होतं.

"काका, चिठ्ठी तिच्या बॅचची आहे. पण ही पावडर तिची नाही. ही आत्ता आत्ता भरलीय कुणीतरी."

काकांनी दाराची चौकट धरली. "म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं?"

"ते तिची पावडर सापडल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आधी ती नेली कुणी ते बघू."

३

नव्या लॅबप्रमुखाला सगळे टायवाला म्हणत, कारण उन्हाळ्यातही त्याचा टाय सुटत नसे. पोरगा हुशार होता, पण बाईंना बघताच त्याने हातातली काचनळी उगीचच पुसायला घेतली.

"बरणी उघडलीत तेव्हा पावडर सुटी होती. काही खटकलं नाही?"

"मला वाटलं, पॅकिंग चांगलं आहे, मॅडम."

"दोन वर्षांची अर्काची पावडर आणि सुटी? डोक्याला बुच बसवून घ्या एखादं."

त्याचे कान लाल झाले. बाईंनी एवढ्यावर सोडलं नाही. ती जाऊन तुम्हाला खुर्ची मिळाली, तिची चूक निघाली तर तुमची खुर्ची आणखी पक्की होते, असं त्यांनी तोंडावर म्हटलं.

टायवाल्याने काचनळी खाली ठेवली. "मॅडम, रागावू नका, पण उलट आहे. तक्रार आली तेव्हा मीच मालकांना म्हणालो होतो, आपला माल चांगला आहे, गिऱ्हाइकाने मारलाय. हे बघा." त्याने फोनवर गिऱ्हाइकानेच पाठवलेला फोटो दाखवला. आपली पिंपं गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये होती, वर दुधी प्लॅस्टिकचं छत, खाली लख्ख ऊन, आणि एका पिंपाचं झाकण नुसतं टेकवून ठेवलेलं. ज्येष्ठमधातलं त्वचा उजळवणारं द्रव्य उजेडात आणि उष्णतेत टिकत नाही, हे त्या पिंपांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग अंधारातली बरणीही फुसकी निघाली. मी सगळ्यांसमोर खोटा पडलो. ती बरणी बदलून मला काय मिळणार होतं?"

बाईंना हे पटलं. बरणी मुळात जोरकस होती असं दाखवता आलं, तर दोष त्या शेडचा, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पोरीचं नाव एका चिमटीवर अडलं होतं आणि ती चिमूट जगात कुठे होती, कोण जाणे.

"मिक्सरच्या खोलीत जाऊन नमुने तुम्ही घेता ना?"

"घेतो. लांब नळी पिंपाच्या मध्यापर्यंत घालून. मिसळण्याआधीच्या ट्रेमधलं आम्ही घेत नाही."

बाई जायला वळल्या, तसा तो हळूच म्हणाला, "मॅडम, त्यांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या अजून कपाटावर आहेत. मला काढवत नाहीत." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि बुचाचं आपण बोललो ते जरा जास्तच झालं, असं त्यांना वाटलं.

४

पैलवान नावाला साजेसा होता, पण मिक्सरशी तान्ह्या बाळासारखा वागायचा. मुळं निसर्गाच्या मर्जीने येतात, कधी जोरकस, कधी मवाळ. गिऱ्हाइकाला मात्र प्रत्येक पिंपात मात्रा तीच हवी. म्हणून जोरकस आणि मवाळ पावडर अशी मिसळायची, की आकडा ठरलेल्या जागी येऊन बसला पाहिजे. या कारखान्याचं सगळं पोट या एका मिसळण्यावर चाललेलं.

"बाई, मिसळतो मी. माल फुसका निघाला तर आधी माझी मान. मी कशाला स्वतःच्या हाताने फुसकी पावडर बरणीत घालू?"

"कुणी घातली असेल?"

"तेच तर. धाकट्या बाईंचं वाईट चिंतणारा माणूस इथे नाही. माझ्या लेकीच्या परीक्षेला त्या स्वतः अभ्यास घ्यायच्या, जेवण सोडून." त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. घाम पुसल्याचा आव आणला, पण पुसले डोळेच.

ड्रायरमधून निघालेल्या पावडरीचे ट्रे भिंतीशी रचलेले होते, मिसळायची वाट बघत. या हंगामाची मुळं कोवळी आली होती, माल अगदीच मवाळ होता.

"किती मवाळ?"

"निम्म्यावर. जोरकस माल यायचाय, तोवर हा पडून राहणार."

निम्म्यावर. बाईंचा हात भिंगाकडे गेला. "या ट्रेंना कुणी हात लावलाय?"

"लावला होता ना," पैलवान म्हणाला. "मागे एकदा या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये खळगा होता, ओंजळभर उचलल्यासारखा. मला वाटलं लॅबवाल्यांनी नमुना नेला."

लॅबवाले ट्रेमधलं नेत नव्हते. बाई एका उलट्या पिंपावर बसल्या आणि विचार करू लागल्या. ज्याला पोरीची बदनामी करायची असती, त्याने बरणीत वाटेल तो भुसा भरला असता. याने तर त्याच झाडाची, त्याच रंगाची पावडर जपून भरली, वर सीलही नीट लावलं. म्हणजे त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. बरणी पहिल्यासारखी व्हावी, हीच त्याची इच्छा होती. आणि ट्रेमधली पावडर अजून मिसळायची आहे, तिची मात्रा लागलेली नाही, हे लॅबमधल्या आणि मिक्सरवरच्या प्रत्येकाला झोपेतही ठाऊक. तेव्हा हे काम इथे रोज वावरणाऱ्या, पण हे ठाऊक नसलेल्या माणसाचं.

"पैलवान, या ट्रेंवरून ये-जा कुणाची असते?"

पैलवान तोंड उघडणार, तोच दारातून रिकाम्या खोक्यांची चळत घेऊन एक बाई आली. ती खोक्यांच्या आडून बाईंकडे बघून हसली आणि ट्रेंना वळसा घालून पलीकडे पॅकिंगमध्ये गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत पैलवान गप्प राहिला, ड्रायरवरचे दोघे गप्प राहिले. तिच्यामागून ती शांतताही दाराबाहेर गेल्यासारखी झाली आणि सगळे पुन्हा बोलू लागले.

५

मघाची खोकी खाली ठेवून मावशींनी बाईंसाठी स्टूल पदराने पुसलं. पॅकिंगमध्ये वय बघून सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि धाकटी त्यांची एकुलती एक लेक होती.

"किती दिवसांनी आलात, बाई. ती असती तर पळत आली असती."

"आली असती आणि बरणी धुतली का म्हणून माझी बोलणी खाल्ली असती."

मावशी हसल्या. खरंखुरं हसल्या. हसताना त्यांनी मान वर केली आणि बाईंना त्यांचा चेहरा नीट दिसला. मावशींच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग होते, वर्षानुवर्षांचे. बाईंना ते चांगले आठवत होते. आता नीट बघितल्याशिवाय ते दिसत नव्हते.

"चेहरा उजळलाय तुमचा, मावशी."

"ऊन लागत नाही आता. घर ते कारखाना, कारखाना ते घर." मावशींनी पटकन मान खाली घातली आणि खोकं बंद करायला घेतलं. चिकटपट्टी सर्रकन ओढली, टोक तोडलं आणि ते अंगठ्याने जरासं आत दुमडून मग दाबलं.

बाईंचं लक्ष त्या अंगठ्यावर खिळलं. "हे टोक दुमडता ते कशाला?"

"उघडणाऱ्याला नखाने खरवडत बसायला नको. सवयच झालीय हाताला."

शेजारच्या टेबलावरच्या बायकांची टोकं बाईंनी बघितली. कुणी दुमडत नव्हतं.

"एवढा माल हाताखालून जातो, पावडर सगळी सारखीच दिसते नाही?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय, हे त्यांना कळत होतं.

"सारखीच असते. छकू नेहमी म्हणायची ना, आई, आमचं कामच ते, आपल्या कारखान्यातली कुठलीही चिमूट घे, दुसरीसारखीच निघाली पाहिजे." लेकीचे शब्द सांगताना मावशींचा चेहरा असा फुलला, की बाईंना तिथे बसवेना.

त्यांना सगळं कळलं होतं. कोणी नेली, का नेली, कशाने भरली, तेही. आणि या घडीला या बाईला मात्र आपण काय करून बसलो याचा पत्ताही नव्हता, कारण तिला कळू नये म्हणून अख्खा कारखाना ओठ शिवून बसला होता.

६

मालक बाईंच्या डोळ्यांसमोर लहानाचे मोठे झालेले. हाफ पँटमध्ये लॅबभर धावून बीकर फोडणारा तो पोरगा आता पत्र समोर घेऊन बसला होता.

"दोन दिवस थांब," बाई म्हणाल्या.

"बाई, गिऱ्हाईक रोज फोन करतंय. मलाही हे लिहिताना बरं वाटत नाही. पण तिला आता काय फरक पडणार आहे?"

"तिला नाही पडणार. ज्यांना पडणार आहे ती दोघं तुझ्याच पगारावर आहेत. उद्या दुपारपर्यंत सही करू नकोस. केलीस, तर मी या फाटकात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

मालकांनी पेन बंद केलं. उद्या दुपारपर्यंत.

काका स्टोअरच्या दाराशी ताटकळत उभे होते. बाईंनी त्यांना पोत्यांवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. आयुष्यभर आकडे फाडकन सांगणाऱ्या बाईंना कुठून सुरुवात करावी ते कळेना. शेवटी त्यांनी विचारलं, "काका, त्या फळीवरच्या बरण्या ओतून देणार, हे तुम्ही घरी बोलला होतात?"

"बोललो होतो. दोनेक महिन्यांपूर्वी." आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "तिनं मागितली होती बरणी. म्हणाली, तिच्या हातची शेवटची आहे, ओतू नका, मला आणून द्या. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, एक खिळा घरी नेला नाही." ते थांबले. "ती पुन्हा बोलली नाही. मला वाटलं, समजली."

बाईंनी त्यांचा हात धरला.

"बाई, तिला सांगू नका," काकांनी हात जोडले. "मी सही करतो. मी नेली म्हणतो. किल्ली माझीच आहे."

"तुम्ही म्हणाल हो. पण पोरीची पावडर तिच्याकडे आहे, ती मागितल्याशिवाय पोरीचा आकडा कसा सिद्ध करू? आणि मागितली की ती विचारणार, कशाला हवी. काका, तुम्ही तिला जपायला बोलला नाहीत, ती तुमच्या नियमाला जपायला बोलली नाही. एकदा कुणीतरी बोललं असतं तर आज मला हे करावं लागलं नसतं."

हे शब्द आपण बापाला बोलायला नको होते, असं बाईंना पुढे कितीदा वाटलं. पण त्या क्षणी त्यांना त्या दोघांचा रागच आला होता. माया असलेल्या माणसांचा येतो तसला राग.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घातलेले हातमोजे, भिंतीवर लेकीचा पांढऱ्या कोटातला फोटो. काका दाराजवळ उभे राहिले. त्यांना बसवेना.

"मावशी, छकूची पावडर तुमच्याकडे आहे. मला ती हवीय."

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने उठल्या, कपाटातून साड्यांच्या मागची एक बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. लॅबचीच बरणी, पण तळाशी पावडरीचा थोडासाच गोळा उरला होता, चमच्याने खरवडलेला.

"माझ्या वांगावर हेच लागतं, असं तीच म्हणाली होती. आई, बरं वाटलं की तुला क्रीम करून देते," मावशी म्हणाल्या. "बरं वाटलंच नाही तिला. म्हणून मी आपली रोज सकाळी चिमूटभर पाण्यात कालवून लावते. तिचा हात फिरल्यासारखं वाटतं. चोरी आहे ती, बाई, मला कळतं. पण फळीवरची जागा रिकामी ठेवली नाही मी. तिची चिठ्ठी दुसऱ्या बरणीला लावून तेवढीच भरून ठेवली. कारखान्याचं काही कमी केलं नाही."

"पॅकिंगच्या पिंपातली भरली असतीत तर काही बिघडलं नसतं," बाई हळूच म्हणाल्या.

"पिंपं सीलबंद असतात. वाटेतल्या ट्रेमधली घेतली. सारखीच की."

आणि मग बाईंनी सांगितलं. ट्रेमधली पावडर सारखी का नसते ते सांगितलं, तक्रार आली ते सांगितलं, बरणी उघडली, आकडा निम्मा आला, आणि धाकटीच्या नावाने पत्र तयार आहे, तेही सांगितलं. कुठेही थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मावशी कोसळल्या नाहीत. त्या बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. तळवे वर करून, उलटे करून, पुन्हा वर करून.

"म्हणजे तिला बोल लावला तो मी," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने."

काका धावत पुढे आले. "अगं, तुला कुणी सांगितलं नाही, मीच नाही सांगितलं. मीच."

"का नाही सांगितलंत हो?" त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं. काका तिच्या शेजारी जमिनीवरच बसले, आणि ती दोघं लेक गेल्यापासून पहिल्यांदाच एकमेकांसमोर रडली. तोवर ती मोरीत नळ सोडून रडायची आणि तो स्टोअरच्या पोत्यांमागे. बाई खिडकीशी जाऊन हातमोज्यांकडे बघत राहिल्या.

मावशींनीच आधी डोळे पुसले. त्यांनी बरणी उचलून बाईंच्या हातात दिली.

"किती लागेल?"

बाईंना खोटं बोलवलं नाही. "एकदा आम्ही तपासणार. पुन्हा तपासणार. एक वाटा बाहेरच्या लॅबला, गिऱ्हाइकाने खुसपट काढू नये म्हणून. सगळीच लागेल, मावशी."

"सगळी न्या. आणि माझं नाव लिहा. बरणी कुणी बदलली तिथे माझं नाव लिहा, पूर्ण. तिचं पुसून टाका."

८

यंत्रावर टायवाला बसला होता आणि बाई त्याच्या पाठीशी. पैलवान काहीतरी निमित्त काढून दारात उभा. कागदावर रेघ चढत गेली, टोकाला पोचली, उतरली. टायवाल्याने आकडा वाचला, आणि आपल्यावर विश्वास नसल्यासारखा बाईंना दाखवला.

ठरलेल्या मात्रेवर. तंतोतंत. कपाटात राहिलेली, रोज उघडलेली पावडर, तरी एवढी.

"पोरगी माझी," बाई म्हणाल्या.

बाहेरच्या लॅबचाही आकडा तोच आला. मालकांनी जुनं पत्र फाडलं आणि नव्या पत्रासोबत गिऱ्हाइकाला त्याच्याच शेडचा फोटो पाठवला. सील तुटलेला, घरी राहिलेला नमुना आम्ही मानत नाही, असं गिऱ्हाईक म्हणालं. म्हणू दे, मालक म्हणाले, तंटा चालू राहील, पण त्यात तिचं नाव येणार नाही. कारखान्याच्या कागदांत मावशींचं नाव गेलं, त्यांनी सांगितलं तसं, पूर्ण. काकांनी कुणी न मागता किल्ल्यांचा जुडगा मालकांच्या टेबलावर ठेवला. मालकांनी तो दोनदा परत सरकवला. काकांनी घेतला नाही.

हे सगळं पुढे झालं. त्या दुपारी मात्र लॅबमध्ये रिकामी बरणी बाईंच्या समोर होती. आत काहीच उरलं नव्हतं, काचेला लागलेली पिवळसर धूसर साय तेवढी. सवयीने बाई उठल्या आणि नळाशी गेल्या. पाणी सोडलं. आयुष्यभर रिकामं भांडं त्यांनी न धुता कधी खाली ठेवलं नव्हतं. त्यांनी बरणी धारेखाली नेली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. मग नळ बंद केला, झाकण घट्ट लावलं आणि बरणी पिशवीत ठेवली.

काका-मावशी फाटकाबाहेरच्या बाकावर वाट बघत बसले होते.

"बरोबर आला?" मावशींनी विचारलं.

"बरोबर आला. तिचं काही चुकलं नव्हतं."

मावशींनी मान हलवली. बाईंनी पिशवीतून बरणी काढली. मावशींनी ती उजेडात धरली, काचेवरची ती धूसर साय बघितली आणि बाईंकडे पाहिलं.

"धुतली नाहीत?"

"नाही."

मावशींनी झाकण उघडून वास घेतला. गोडसर, मातकट वास, लेक घरी यायची तेव्हा तिच्या केसांना यायचा तोच. मग झाकण लावून त्यांनी बरणी शेजारी नवऱ्यापुढे धरली. एकदा नियम सांगून त्याने जी आणून दिली नव्हती, ती बरणी काकांनी दोन्ही हातांनी घेतली आणि झाकण न उघडता मांडीवर धरून बसले.